शुभवर्तमानांच्या बाहेरचा येशू

इ. स. ६२. यहूदियाचा रोमन सुभेदार फेस्त पदावर असतानाच वारला आणि त्याच्या जागी नेमलेला अल्बिनस अजून वाटेतच होता. यरुशलेमात काही काळ रोमची सत्ता नावापुरती उरली. नुकताच महायाजक झालेल्या धाकट्या हन्नाने ही संधी साधली. उतावळ्या स्वभावाच्या या माणसाने न्यायसभा भरवली, काही जणांवर नियमशास्त्र मोडल्याचा आरोप ठेवला आणि त्यांना धोंडमार करण्यासाठी सोपवून दिले. शहरातल्या नेमस्त, धर्मनिष्ठ लोकांना हे रुचले नाही. त्यांनी अग्रिप्पा राजाकडे गुपचूप तक्रार नेली. काही जण तर अलेक्झांड्रियाहून येणाऱ्या अल्बिनसला वाटेतच जाऊन भेटले. तीन महिन्यांत हन्नाचे पद गेले.

ही हकिगत फ्लेव्हियस जोसिफस या यहुदी इतिहासकाराने यहुद्यांच्या प्राचीन इतिहासावरील आपल्या ग्रंथाच्या विसाव्या खंडात लिहून ठेवली आहे. मारल्या गेलेल्यांपैकी तो एकाचेच नाव देतो, याकोब. हे नाव घरोघरी आढळणारे. म्हणून हा कोणता याकोब, ते कळावे यासाठी तो ओळख जोडतो: ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ. बस, एवढेच. पुढच्या वाक्यात तो पुन्हा हन्नाकडे वळतो.

या चार-पाच शब्दांचे मोल त्यांच्या सहजपणात आहे. जोसिफसला येशूची थोरवी गायची नव्हती आणि निंदाही करायची नव्हती. त्याला सांगायचे होते ते एका महायाजकाच्या पदच्युतीविषयी. तो स्वतः यरुशलेमातल्या याजक घराण्यात इ. स. ३७ साली जन्मला. हा प्रकार घडला तेव्हा तो पंचविशीत होता आणि शहर त्याचेच होते. त्याच्या लेखनात येशू नावाची वीसेक माणसे येतात. त्यांच्यातून एक वेगळा काढण्यासाठी ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात’ एवढी खूण त्याला पुरेशी वाटली. आपल्या वाचकांना ही खूण पटेल, हे त्याने गृहीतच धरले होते.

येशू नावाचा माणूस खरोखर होऊन गेला का? गेला असेल, तर पवित्र शास्त्र मिटून ठेवल्यावर त्याच्याविषयी काय सांगता येते? श्रद्धावान हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याला आपल्या श्रद्धेला बाहेरून दुजोरा हवा असतो. संशयी विचारतो तेव्हा त्याला शास्त्रकर्त्यांची झडती घ्यायची असते. दोघांच्याही मनात एकच गृहीत असते, की शास्त्रातला पुरावा पक्षपाती आणि बाहेरचा निखळ. हे गृहीत तपासून पाहणे हा या प्रस्तावनेचा मुख्य हेतू आहे. पण आधी बाहेरच्या साक्षीदारांचे ऐकले पाहिजे, कारण ते मोजकेच आहेत आणि दोन्ही पक्षांनी त्यांच्यावर पेलणार नाही इतका भार टाकला आहे.

त्यांच्यात सर्वांत वजनदार रोमन इतिहासकार टॅसिटस. इ. स. ११६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘अॅनल्स’च्या पंधराव्या खंडात तो ६४ सालच्या रोमच्या आगीचे वर्णन करतो. ही आग खुद्द नीरो बादशहानेच लावली, अशी कुजबुज थांबेना, तेव्हा नीरोने ख्रिस्ती लोकांना पुढे केले. कोणाला जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांपुढे टाकले, कोणाला खांबावर चढवले, कोणाला रात्रीच्या उजेडासाठी जाळले. हे लोक कोण, हे सांगताना टॅसिटस लिहितो की त्यांच्या नावाचा मूळ पुरुष ख्रिस्त, त्याला तिबेरियस बादशहाच्या कारकिर्दीत पंतय पिलाताने देहदंड दिला, ही घातक अंधश्रद्धा काही काळ दबली आणि मग यहूदियातच नव्हे तर रोममध्येही उफाळली. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता, आणि तो त्याने लपवलेला नाही. पुढच्या काळातल्या एखाद्या भाविक नकलनविसाने हा मजकूर घुसडला असता, तर तो इतका कडवट लिहिला नसता.

तरीही उलटतपासणी केलीच पाहिजे. टॅसिटस पिलाताला ‘प्रोक्युरेटर’ म्हणतो. १९६१ साली कैसरियाच्या नाट्यगृहाच्या दुरुस्तीत पुन्हा वापरलेला एक चुनखडीचा दगड आंतोनिओ फ्रोव्हा यांच्या इटालियन पथकाला सापडला. त्याच्यावरच्या लॅटिन लेखात पिलाताचे नाव आहे आणि हुद्दा आहे ‘प्रीफेक्ट’. प्रोक्युरेटर हा हुद्दा यहूदियात पुढे क्लॉडियसच्या काळापासून रूढ झाला. म्हणजे टॅसिटसने पिलाताच्या काळचे मूळ दप्तर उघडून हे लिहिले, असे समजता येत नाही. त्याने आपल्या काळचा शब्द वापरला. त्याला ही माहिती रोममध्ये सर्वतोमुखी असलेल्या हकिगतीतून मिळाली असेल, नाहीतर आशिया प्रांताचा कारभार पाहताना. ती मुळात ख्रिस्ती लोकांकडूनच आलेली असणेही शक्य आहे. त्याच्या ग्रंथाचा इ. स. २९ ते ३१ या वर्षांचा बराचसा भाग नष्ट झाला आहे, हीही एक हळहळ लावणारी गोष्ट. येशूला ३० साली क्रुसावर दिले असे बरेच अभ्यासक मानतात. त्या वर्षाविषयी टॅसिटसने काय लिहिले होते, ते आता कोणालाच वाचता येणार नाही.

जोसिफसच्याच ग्रंथातला दुसरा उतारा अधिक प्रसिद्ध आहे आणि अधिक वादग्रस्तही. अठराव्या खंडात, पिलाताच्या कारभाराचे वर्णन चालू असताना, येशूवर एक छोटा परिच्छेद येतो. आज उपलब्ध असलेल्या ग्रीक प्रतींत तो एखाद्या विश्वासणाऱ्याने लिहावा तसा वाचायला मिळतो: येशूला माणूस म्हणावे की नाही अशी शंका, तो ख्रिस्त होता असे स्पष्ट विधान, तिसऱ्या दिवशी तो जिवंत दिसल्याची नोंद. जन्मभर यहुदी राहिलेला, रोमन सेनापती वेस्पासियन हाच भविष्यवाणीतला जगाचा अधिपती असे सांगणारा जोसिफस हे लिहील, हे शक्य नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताने तर स्वच्छ म्हटले आहे की जोसिफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. चौथ्या शतकातला ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस मात्र हा परिच्छेद आजच्या रूपात उद्धृत करतो. मधल्या काळात कोणाचा तरी हात फिरला, हे उघड आहे.

सगळाच उतारा बनावट की त्यातली काही वाक्ये? या वादाला १९७१ साली नवे वळण मिळाले. यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठातले श्लोमो पिनेस यांनी दहाव्या शतकातल्या अगापियस या अरबी भाषेत लिहिणाऱ्या बिशपाच्या इतिहासातली याच उताऱ्याची वेगळी प्रत प्रकाशात आणली. तिच्यात भाषा बरीच सौम्य आहे. येशू ‘कदाचित’ ख्रिस्त असावा, इतकेच. ही प्रत मूळच्या जवळ जाणारी की तीही नंतर सुधारलेली, यावर एकमत नाही. बहुसंख्य अभ्यासकांचा कौल असा आहे की जोसिफसने येशूवर काही तटस्थ ओळी लिहिल्या होत्या आणि ख्रिस्ती नकलनविसांनी त्यांच्यावर आपला रंग चढवला. हा कौल मान्य करण्याजोगा आहे. पण ज्या कागदावर खाडाखोड झालेली दिसते, त्याच्यावर खटला जिंकता येत नाही. भार टाकायचाच असेल तर तो याकोबाच्या त्या सहज उल्लेखावर टाकावा.

बाकीचे साक्षीदार भराभर पाहता येतील. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनिया-पोंत प्रांताचा सुभेदार धाकटा प्लिनी ट्राजन बादशहाला पत्र लिहून विचारतो, की या ख्रिस्ती लोकांचे करावे तरी काय? त्याने दोन सेविकांचा छळ करून चौकशी केली. निष्पन्न झाले ते इतकेच, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र आळीपाळीने गातात आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात. फार मोलाचे पत्र, पण ते भक्तांविषयी सांगते, येशूविषयी नाही. रोमन चरित्रकार स्युटोनियस क्लॉडियस बादशहाच्या काळातल्या रोमच्या यहुद्यांमधील दंग्यांचे खापर कोणा ‘क्रेस्टस’वर फोडतो, हा ख्रिस्तच असेल तर स्युटोनियसची माहिती गोंधळलेली आहे. दुसऱ्या शतकातला उपहासकार ल्युशन क्रुसावर दिलेल्या पॅलेस्टाईनच्या पंडिताची टर उडवतो. बाबिलोनी तालमुदातले उल्लेख शतकांनंतरचे आहेत आणि ते ख्रिस्ती दाव्यांना दिलेल्या प्रत्युत्तरासारखे आहेत.

हे सगळे एकत्र करून शास्त्राबाहेरचा येशू लिहायला बसले, तर हाती काय लागते? तिबेरियसच्या काळात यहूदियात येशू नावाचा माणूस होता. त्याला ख्रिस्त म्हणत. याकोब त्याचा भाऊ. पिलाताने त्याला मारले. त्यानंतरही त्याचे अनुयायी पांगले नाहीत आणि पस्तीसेक वर्षांत ते रोममध्ये डोळ्यांवर येण्याइतके वाढले. पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर. त्याच्या आईचे नाव त्यात नाही, गावाचे नाही आणि त्याच्या तोंडचे एकही वाक्य नाही.

मग त्याच्या हयातीतल्या कोणीच का लिहिले नाही? अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञ फिलो येशूचा समकालीन होता, त्याने पिलाताच्या जुलमाविषयी लिहिले आहे, पण येशूचा उल्लेख केलेला नाही. गालीलातलाच इतिहासकार तिबिर्याचा युस्तस याच्या आज हरवलेल्या इतिहासातही येशू नव्हता, असे नवव्या शतकात तो वाचणाऱ्या फोशियसने नोंदवले आहे. या मौनाला येशू झालाच नाही असे म्हणणारे फार महत्त्व देतात. पण मौनाचे वजन करायचे, तर बोलणे कितपत अपेक्षित होते हे आधी ठरवावे लागते. खुद्द पिलाताचेच पाहा. त्याने दहा वर्षे एका प्रांतावर अधिकार गाजवला. त्याच्या कचेरीतला एकही कागद उरलेला नाही. उरली आहेत काही नाणी, कैसरियाचा तो दगड आणि तीन लेखकांचे उल्लेख. इजिप्तच्या कोरड्या वाळूने पपायरसचे कागद सांभाळले. यरुशलेम ७० साली जळाले. सुभेदाराची ही गत, तिथे गालीलातल्या खेड्यातल्या सुताराचे दप्तर कुठून मिळणार?

शिवाय अशा माणसांची दखल केव्हा घेतली जाई, हेही जोसिफसच दाखवतो. गर्दी जमवणारा थुदास, जैतुनांच्या डोंगरावर लोक नेणारा तो मिसरी संदेष्टा आणि हेरोद अंतिपाने ठार केलेला बाप्तिस्मा करणारा योहान यांच्याविषयी तो लिहितो. आणि लिहितो एका दुसऱ्या येशूविषयी. हनन्याचा मुलगा असलेला हा साधा खेडवळ माणूस ६२ सालच्या मंडपांच्या सणात मंदिरापाशी उभा राहिला आणि यरुशलेमावर, मंदिरावर येणाऱ्या नाशाचा आकांत करू लागला. पुढाऱ्यांनी त्याला मारले, मग रोमन सुभेदाराच्या हवाली केले. हाडे दिसेपर्यंत फटके बसले तरी तो स्वतःविषयी काही बोलला नाही, शहरासाठी विलाप करत राहिला. अल्बिनसने त्याला वेडा ठरवून सोडले. सात वर्षे तो तसाच ओरडत राहिला आणि अखेर वेढ्यात रोमन यंत्राने फेकलेल्या दगडाखाली मेला.

या दुसऱ्या येशूचा प्रसंग वाचला की शुभवर्तमानांतली अटकेची आणि खटल्याची हकिगत हवेतली वाटत नाही. मंदिराविरुद्ध बोलणारा एकटा माणूस, घाबरलेले याजक, सुभेदाराकडे रवानगी, फटके, आरोपीचे मौन: त्या शहरात, त्या दशकांत असे घडत होते. त्याला शिष्य नव्हते, म्हणून तो सुटला. नासरेथच्या येशूच्या मागे माणसे होती, आणि रोमला एकट्याच्या बोलण्यापेक्षा माणसांच्या गर्दीचे भय होते.

पुरातत्त्वानेही असाच भोवताल उजळला आहे. येशूच्या हातची एकही वस्तू सापडलेली नाही आणि सापडेल अशी आशाही धरू नये. पण १९६८ साली यरुशलेमच्या उत्तरेला गिवात हामिव्तार येथे एका अस्थिपेटीत येहोहानान नावाच्या तरुणाची टाच मिळाली, तिच्यातून लोखंडी खिळा आरपार गेलेला होता. क्रुसावर दिलेल्या माणसाला रीतसर दफन मिळणे शक्यच नव्हते, असे म्हणणाऱ्यांना या एका हाडाने विचार करायला लावले. १९९० साली यरुशलेमच्या दक्षिणेला रस्त्याचे आणि बागेचे काम चालू असताना एक गुहा उघडी पडली. तिच्यातल्या कोरीव अस्थिपेटीवर कयफाच्या घराण्याचे नाव आहे. ती येशूच्या खटल्यातल्या महायाजक कयफाचीच, असे बरेच जण मानतात; काहींना शंका आहे. १९८६ साली दुष्काळाने गालील समुद्राचे पाणी ओसरले तेव्हा चिखलात सुमारे आठ मीटर लांबीची, पहिल्या शतकाच्या आसपासची मासेमारीची नाव मिळाली. नासरेथमध्ये त्या काळातले घर मिळाले. घर, नाव, खिळा आणि सुभेदार, सगळे आहे. माणूस मात्र फावड्याला लागत नाही.

तो लागावा ही ओढ इतकी प्रबळ आहे की तिने बनावट पुराव्यांचा बाजार मांडला. येशूने एदेस्साच्या अबगार राजाला धाडलेले पत्र चौथ्या शतकात युसेबियसलाही खरे वाटले. तुरिनच्या कफनाचे कापड १९८८ साली तीन प्रयोगशाळांनी तपासले, तेव्हा ते १२६० ते १३९० या काळातले ठरले. २०१२ साली हार्वर्डच्या प्राध्यापिका कॅरन किंग यांनी जाहीर केलेला, येशूच्या पत्नीचा उल्लेख असलेला पपायरसचा तुकडा चार वर्षांत बनावट असल्याचे उघड झाले.

या बाजारातले एक दुकान हिंदुस्थानातही उघडले गेले. १८९४ साली निकोलाय नोटोविच या रशियन प्रवाशाने फ्रेंचमध्ये पुस्तक काढून सांगितले की लडाखच्या हेमिस मठात आपल्याला ईसाचे चरित्र ऐकवण्यात आले आणि येशूची तरुणपणाची अज्ञात वर्षे भारतात गेली. मॅक्स म्युलर यांनी त्याच वर्षी या कथेवर गंभीर आक्षेप घेतले. आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस पुढच्या वर्षी हेमिसला जाऊन प्रमुख लामांना भेटले. लामांनी असा ग्रंथ आणि असा प्रसंग दोन्ही नाकारले. मिर्झा गुलाम अहमद यांनी श्रीनगरच्या रोझाबलला येशूची कबर ठरवले, तीही याच दशकाच्या अखेरची गोष्ट. मराठीत गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकरांनी ‘ख्रिस्तपरिचय’ लिहून येशूला जन्माने हिंदू ठरवले. या सगळ्या कथांना आजही वाचक आहेत. त्यांना एकच प्रश्न विचारावा: येशूनंतर चाळीस वर्षांनी लिहिलेले शुभवर्तमान ज्याला उशिराचे आणि म्हणून अविश्वसनीय वाटते, त्याने अठराशे साठ वर्षांनंतरच्या पुस्तकावर विश्वास कोणत्या न्यायाने ठेवायचा?

इथे मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. ‘शास्त्राबाहेर’ या शब्दात एक कालविपर्यास दडलेला आहे. पौल या ख्रिस्ती प्रचारकाने गलतीकरांना पत्र लिहिले तेव्हा तो शास्त्र लिहीत नव्हता. तो रागावलेला होता, आपली बाजू मांडत होता आणि त्या भरात त्याने सांगितले की धर्मांतरानंतर तीन वर्षांनी आपण यरुशलेमास जाऊन केफाकडे, म्हणजे पेत्राकडे, पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. हे पत्र इ. स. ५० च्या दशकातले आहे. ती भेट ३० च्या दशकातली. नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांची आजची यादी प्रथम दिसते ती बिशप अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात. तीनशे वर्षांनी एका बांधणीत गेल्यामुळे पौलाच्या पत्राचा साक्षीपणा संपतो, असे कोणता इतिहासकार म्हणेल?

आणि आता पौलाचा याकोब जोसिफसच्या याकोबाशेजारी ठेवावा. एक यहुदी इतिहासकार, रोममध्ये बसून लिहिणारा. एक ख्रिस्ती प्रचारक, याकोबाच्या मंडळींशी खटके उडालेला. दोघांनी एकमेकांचे वाचलेले नाही. दोघांच्याही लेखी यरुशलेमात याकोब नावाचा माणूस आहे आणि येशू त्याचा भाऊ आहे. काल्पनिक पुरुषाला दगडांनी मारला जाणारा सख्खा भाऊ नसतो. ब्रुनो बाउअरपासून १९०९ च्या आर्थर ड्रुसपर्यंत आणि तिथून आजवर येशू ही निव्वळ दंतकथा मानणाऱ्यांनी या याकोबाचा निकाल लावण्यासाठी बरीच खटपट केली आहे. ‘प्रभूचा भाऊ’ ही पदवी होती, जोसिफसमधले शब्द नंतरचे होते, वगैरे. प्रत्येक अडचणीला वेगळे उत्तर शोधावे लागते, तेव्हा सिद्धांत दुबळा असतो.

पौलाच्या पत्रांत आणखी एक बारीक खूण आहे. करिंथकरांना विवाहाविषयी सांगताना तो काळजीपूर्वक वेगळे करतो: घटस्फोटाबद्दलची आज्ञा प्रभूची आहे, पुढचा सल्ला माझा आहे, अविवाहितांविषयी तर प्रभूची आज्ञा मजजवळ नाही. येशूच्या तोंडी हवे ते घालण्याची मुभा सर्रास घेतली जात असती, तर पौलाला ही अडचण आलीच नसती.

शुभवर्तमानांना हाच न्याय लावावा, आणि तोही तितक्याच कठोरपणे. मराठी वाचकाला ही शिस्त परकी नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाला लिहिलेल्या प्रस्तावनेत बखरींची अशीच झाडाझडती घेतली. पण म्हणून सभासदाची बखर कोणी इतिहासाच्या टेबलावरून उचलून टाकली नाही. ती कोणी, कोणासाठी, किती वर्षांनी लिहिली हे लक्षात ठेवून वाचली जाते. मार्क हा येशूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी, श्रद्धेने, श्रद्धावंतांसाठी लिहितो. हे लक्षात ठेवून त्याला वाचावे.

अशा वाचनातून काय मिळते, त्याचे सर्वांत बोलके उदाहरण येशूच्या बाप्तिस्म्याचे आहे. मार्क सरळ सांगतो की येशू गालीलातल्या नासरेथहून आला आणि योहानाकडून त्याने यार्देनेत बाप्तिस्मा घेतला. योहानाचा बाप्तिस्मा पापांच्या क्षमेसाठी होता, आणि बाप्तिस्मा देणारा घेणाऱ्याहून मोठा. मग प्रभूला त्याची गरज काय, ही अडचण लवकरच जाणवली. मत्तयाच्या शुभवर्तमानात योहान आधी संकोचतो, नको म्हणतो. लूक बाप्तिस्म्याचा उल्लेख करण्याआधीच योहानाच्या तुरुंगवासाची बातमी देऊन मोकळा होतो. चौथ्या शुभवर्तमानात योहान साक्ष देतो, पण त्याने येशूला बाप्तिस्मा दिल्याचे कुठेच म्हटलेले नाही. मार्कानंतरच्या तीन लेखकांनी एक गैरसोयीची गोष्ट पायरीपायरीने झाकत नेली. जी गोष्ट लपवावीशी वाटते ती कोणी मुद्दाम रचत नाही. येशू योहानाकडे गेला होता, हे या लपवाछपवीतूनच खात्रीने कळते.

क्रुसाचेही तसेच. नियमशास्त्रात झाडावर टांगलेला माणूस शापित होता. रोमनांना ती गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर भिंतीत कोरलेले, सुमारे इ. स. २०० चे मानले जाणारे एक चित्र आहे: क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, समोर हात उंचावलेला एक भक्त आणि खाली शेरा, अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो. आपला तारणारा कल्पनेने निर्माण करणाऱ्यांनी ही नामुष्की स्वतःहून पत्करली नसती.

हीच शिस्त उलटी बाजूही दाखवते, आणि ती लपवता कामा नये. लूक येशूचा जन्म हेरोद राजाच्या काळात आणि क्विरीनियाच्या नावनिशीच्या वेळी घडवतो. हेरोद इ. स. पूर्व ४ मध्ये मेला; जोसिफसनुसार क्विरीनियाची नावनिशी इ. स. ६ सालची. दोहोंत नऊ-दहा वर्षांचे अंतर आहे आणि ते बुजवण्याचे सगळे प्रयत्न ओढूनताणून केलेले आहेत. बेथलेहेममधल्या जन्माच्या कथा इतिहास म्हणून टिकत नाहीत. नासरेथचा येशू टिकतो. चमत्कार आणि पुनरुत्थान यांबाबत इतिहासाचा हात इथवरच पोहोचतो, की येशूच्या हयातीतच त्याला रोग बरे करणारा मानत आणि त्याच्या मृत्यूनंतर तो आपल्याला दिसला असे त्याच्या माणसांनी ठामपणे सांगितले. दिसणे म्हणजे काय, याचा निवाडा दप्तर तपासून होत नाही.

हा शोध आता अडीचशे वर्षांचा झाला आहे. हॅम्बुर्गच्या रायमारुसने आपले लेखन हयातीत छापण्याचे धाडस केले नाही. त्याच्या मृत्यूनंतर लेसिंगने ते १७७४ पासून तुकड्यातुकड्याने प्रसिद्ध केले. डाव्हिड श्ट्राउसने १८३५ साली येशूचे चरित्र लिहिले आणि ट्युबिंगेनमधली नोकरी गमावली. १८६३ मध्ये रेनानच्या पुस्तकाने फ्रान्स ढवळून काढले. १९०६ साली अल्बर्ट श्वाइट्झरने या सगळ्या चरित्रांचा हिशेब मांडला आणि दाखवून दिले, की प्रत्येकाने आपलाच चेहरा येशूला चढवला आहे; उदारमतवाद्याला तो उदारमतवादी दिसला. मराठीतही हेच घडले. फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’त तो ओवीच्या घाटात आला, ना. वा. टिळकांनी आरंभलेल्या आणि लक्ष्मीबाईंनी पुऱ्या केलेल्या ‘ख्रिस्तायना’त भक्तीच्या, जोतीराव फुल्यांनी त्याच्यात बळीराजा पाहिला. भक्ताला आणि सुधारकाला तो हक्क आहे. इतिहासकाराला नाही, म्हणूनच १९७३ साली गेझा वेर्मेश यांनी ‘जीझस द ज्यू’ लिहून त्याला पुन्हा गालीलातल्या यहुद्यांमध्ये नेऊन उभे केले, ही या शोधातली सर्वांत निरोगी घटना होय. त्यानंतर ई. पी. सँडर्स, जॉन मायर यांच्यासारख्यांनी जे काम केले, ते याच पायावर उभे आहे.

तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. येशू होऊन गेला आणि पिलाताने त्याला मारले, हे शास्त्र मिटून ठेवूनही सांगता येते. तो कोण होता, काय म्हणत होता, लोक त्याच्यामागे का गेले आणि याजकांना तो का नकोसा झाला, हे शास्त्र उघडल्याशिवाय कळत नाही. मात्र ते उघडताना डोक्यावरून उतरवून टेबलावर ठेवावे लागते. श्रद्धा असलेल्या वाचकाने या तपासणीला भिऊ नये, आणि नसलेल्याने तिच्यातून सवलत मागू नये.

या विषयात शिरणाऱ्याने सुरुवात दुसऱ्यांच्या पुस्तकांनी करण्याची गरज नाही. टॅसिटसचा तो एक परिच्छेद, जोसिफसचे दोन उतारे आणि पौलाच्या गलतीकरांस पत्राचे पहिले दोन अध्याय एका दिवसात वाचून होतात. मग मार्काचे सोळा अध्याय घ्यावेत, कोणत्याही मराठी भाषांतरात, आणि ते एका बैठकीत, दीड-दोन तासांत, मत्तय किंवा लूकमधले काहीही मनात न मिसळता वाचावेत. कुठे लेखक अडखळतो, कुठे त्याला एखादी गोष्ट सांगणे जड जाते, तिथे पेन्सिलीने खूण करत जावे.